देवनागरी बोरू-निबचा सेट : आगोटीच्या सामानासोबत आणला, चार आठवडे वापरून मग लिहितेय

रिव्ह्यू लांब होणार आहे, त्यामुळे ज्यांना फक्त घ्यावा की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते. बोरूसाठी, म्हणजे बांबूच्या लेखणीसाठी घ्या, स्टीलच्या निबांसाठी घेऊ नका, आणि सोबत जे पॅड येतं त्यावर शाई टेकवूच नका. बाकी सगळं खाली सविस्तर.

आम्ही वसईकडचे, आणि मे महिन्याचे शेवटचे पंधरा दिवस म्हणजे आमच्याकडे आगोट. मिरच्या वाळवून डंकावरून मसाला कुटून आणायचा, सुका जवळा, बोंबील, वाकट्या पुन्हा एकदा उन्हात टाकून डब्यात भरायच्या, कांद्याच्या माळा टांगायच्या, गाद्या गच्चीवर नेऊन दोन्ही बाजूंनी तापवायच्या, पाऊस पडायच्या आत हे सगळं उरकायचं असतं. त्यात दोन मुलं दिवसभर घरात, मोठी अकरा वर्षांची आणि धाकटा सात, शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद आणि दुपारी बारा ते चार इतका उकाडा की अंगणात पण पाऊल टाकवत नाही. मोबाइल हातातून काढून घ्यायचा तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं ना, आणि ते खरंच करण्यासारखं हवं, नुसतं टाइमपास नको, हे माझ्या डोक्यात एप्रिलपासून होतं. नवऱ्याने आगोटीची यादी केली, तांदूळ, तेल, ताडपत्री, सुतळी, आणि त्याच यादीच्या शेवटी मोठीने पेन्सिलीने लिहून ठेवलं, कॅलिग्राफीचं पेन.

त्यामागे एक गोष्ट आहे. गेल्या नाताळला तिने स्केचपेनसारख्या कॅलिग्राफी पेनाने सगळ्या नातेवाइकांना कार्डं केली होती, ‘मेरी ख्रिसमस’ इंग्रजीत, वळणदार, छानच झाली होती. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कार्ड हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, बाय, हे मराठीत का नाही गं? आईंचं वय चौऱ्याहत्तर, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना मराठीत, जपमाळ मराठीत, आपल्या वसईतल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा ही बाई टीव्हीसमोरून उठली नव्हती. त्यांचा प्रश्न टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं की ज्या भाषेत आपण देवाशी बोलतो त्या भाषेत देवाच्या जन्माची शुभेच्छा का लिहायची नाही. मोठीने त्याच पेनाने मराठीत लिहून बघितलं, जमलं नाही, अक्षरं कशीतरीच दिसायला लागली, आणि ती रडवेली झाली. का जमलं नाही ते मला या सेटमुळे आत्ता कळलं, आणि हा रिव्ह्यू लिहायचं मुख्य कारण तेच आहे, कारण प्रॉडक्ट पेजवर हे कोणीच लिहिलेलं नाहीये.

तर सेट. ऑनलाइन मागवला, ६४९ रुपयांना पडला. कंपनीचं नाव देत नाही, अगदी असाच डबा वेगवेगळ्या लेबलखाली मिळतो. आत एक लाकडी होल्डर, पाच स्टीलचे निब, तीन बांबूचे बोरू जाड मध्यम आणि बारीक, ३० मिलीची काळ्या शाईची बाटली, २५ पानांचं पॅड आणि एक घडीचं माहितीपत्रक. डब्यावर मोठ्या अक्षरात देवनागरी लिहिलंय पण माहितीपत्रक पूर्ण इंग्रजी, आणि त्यात सराव कशाचा दिलाय तर ए बी सी डी चा. इथेच माझी पहिली शंका आली.

पहिल्या दिवशी तिने होल्डरला निब लावला आणि ‘येशू ख्रिस्त’ लिहायला घेतलं. ख च्या खाली जी र ची तिरकी रेघ येते ना, उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी, ती केसासारखी बारीक आली. आणि जी रेघ बारीक यायला पाहिजे, ख मधल्या र च्या पायाची, ती आली जाडजूड. सगळं उलटं. ती म्हणाली मम्मी माझा हातच खराब आहे. मी पण बघितलं, मला पण तसंच आलं. मग आमच्या ओळखीतले एक ड्रॉइंगचे सर आहेत त्यांना फोटो पाठवला आणि त्यांनी एका वाक्यात सांगितलं, निब इंग्रजीचा आहे, देवनागरीला काप उलटा लागतो. म्हणजे असं की इंग्रजी अक्षरात डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी तिरकी रेघ जाड येते, आपल्या अक्षरात उजवीकडून डावीकडे उतरणारी जाड येते, त्यामुळे पेनाचं टोक ज्या बाजूला तिरकं कापलेलं असतं ती बाजूच वेगळी. पाचही निब इंग्रजीच्या कापाचे होते. डब्यावर देवनागरी छापून आत इंग्रजीचे निब भरायचे याला काय म्हणावं! ज्या पोरीला पाच महिने वाटत होतं की आपला हात वाईट आहे तिला हे कळल्यावर तिचा चेहरा बघायला हवा होता. हात चांगला होता, पेन चुकीचं होतं.

आता बोरू. हे मात्र मनापासून आवडले. तिन्ही बोरू देवनागरीच्या कापाचे होते, बरोबर तिरके, आणि बांबू चांगला टणक होता. एक येताना चिरलेला आला, बारीकवाला, त्याची तक्रार केली तर विकणाऱ्याने आधी तीन दिवस नुसते फोटोच मागितले, मग नवव्या दिवशी दुसरा पाठवला, तो मात्र ठीक आहे. बोरू वापरायच्या आधी टोक पाच-दहा मिनिटं पाण्यात ठेवायचं, मग फडक्याने टिपून शाईत बुडवायचं, म्हणजे शाई एकसारखी उतरते, कोरडा बोरू वापरला तर पहिल्या अक्षरावर थेंब पडतो आणि तिसऱ्या अक्षराला शाई संपते. अक्षराची उंची किती ठेवायची याला आम्ही सोपं माप धरलं, बोरूच्या टोकाने एकाखाली एक पाच ठिपके काढायचे आणि तेवढ्या उंचीच्या दोन रेघा पेन्सिलीने मारायच्या, शिरोरेषा वरच्या रेघेवर. टोक झिजलं, बोथट झालं तर नवऱ्याने धारदार ब्लेडने त्याच कोनात पुन्हा कापून दिलं, आत्तापर्यंत दोनदा कापलाय जाडवाला, अजून भरपूर शिल्लक आहे. मुलांच्या हातात ब्लेड देऊ नका एवढं मात्र सांगते, ते काम मोठ्या माणसाचं.

आणि बोरूचा आवाज. जाड कागदावर खर्रर्र असा येतो, दुपारी पंख्याखाली सगळे आडवे पडलेले असतात आणि जेवणाच्या टेबलावरून तेवढाच आवाज येत असतो. आई म्हणाल्या त्यांच्या वडिलांकडे बोरू होता, ते त्यानेच लिहायचे. चार आठवड्यांत आईंनी स्वतः हातात घेतला नाही पण रोज दुपारी खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि कुठलं अक्षर वाकडं आलं ते बरोब्बर सांगतात.

पॅडचा कागद एकदम रद्दी. पातळ आहे, शाई पसरते, अक्षराला केस फुटतात आणि मागच्या पानावर पण उमटते. पाचव्या पानानंतर आम्ही तो नाद सोडला आणि पेन्सिलच्या सरावाला ठेवला. पुण्याला माझी बहीण असते, ती येताना शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून हाताने बनवलेल्या कागदाचे काही ताव घेऊन आली, त्यावर फरक जमीन-अस्मानाचा. तो जरा खरखरीत असतो, त्यातला गुळगुळीतवाला बघून घ्यावा लागतो, खरखरीतवर बारीक बोरू अडकतो. रोजच्या सरावाला साधी जाड ड्रॉइंग शीट पण चालते, हातकागद फक्त फायनलला. शाई सेटमधली फिकट आहे, सुकल्यावर राखाडी दिसते आणि ओला हात लागला की पुसते. आम्ही कॅमलची काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक आणली, ती दाट काळी येते आणि सुकली की हलत नाही. पण ती बोरूवर किंवा निबवर सुकू द्यायची नाही, लिहून झालं की लगेच पाण्याने धुवायचं, आणि फाउंटन पेनात तर अजिबात भरायची नाही, पेन कायमचं बसेल. धाकट्याच्या पांढऱ्या बनियनवर पडलीये, अजून निघाली नाही, निघणार पण नाही.

आता आमच्या घरात या सेटने काय चालू झालं ते सांगते, कारण माझ्यासाठी रिव्ह्यूचा तोच खरा भाग आहे.

यंदा पेन्टेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्मा प्रेषितांवर उतरला त्याचा सण २४ मेला होता. त्या दिवशीच्या मिस्सात फादरांनी प्रवचनात बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या ३१व्या अध्यायातल्या बसालेल या कारागिराची आठवण काढली. देवाने मोशेला सांगितलं की मी बसालेलला देवाच्या आत्म्याने भरलंय, आणि कशासाठी भरलंय तर सोन्याचं, रुप्याचं, पितळेचं काम करायला, रत्नं कोंदायला, लाकूड कोरायला. म्हणजे पवित्र आत्मा उतरला आणि माणसाच्या हाताला कसब आलं. मी इतकी वर्षं पवित्र आत्मा म्हटलं की प्रेषितांवर उतरलेल्या अग्नीच्या जिभा आणि वेगवेगळ्या भाषा एवढंच धरून होते, हाताच्या कामाचा विचारच केला नव्हता. घरी येताना रिक्षात मोठी म्हणाली, मम्मी म्हणजे तो पण क्राफ्टवाला होता. मी म्हटलं हो गं, आणि देवाने त्याला नावाने हाक मारून बोलावलं होतं.

त्याच संध्याकाळी जपमाळेनंतर बसून आम्ही ठरवलं. २४ मेपासून आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारपर्यंत, म्हणजे २९ नोव्हेंबरपर्यंत, बरोब्बर २७ आठवडे आहेत. दर आठवड्याला एक कार्ड, त्यावर बायबलचं एक वचन देवनागरीत, बोरूने. २४ कार्डं होतील, तीन आठवडे आजारपण, परीक्षा, पाहुणे यासाठी सोडलेत. डिसेंबरच्या १ तारखेपासून नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत रोज एक कार्ड घरातल्या आल्तारच्या, म्हणजे वेदीच्या, बाजूला दोरीवर क्लिपने लटकवायचं आणि त्या दिवशीच्या कुटुंबप्रार्थनेत तेच वचन वाचायचं. दुकानात मिळणारं चॉकलेटवालं कॅलेंडर आम्ही दोन वर्षं आणलं, चॉकलेट संपलं की विषय संपला. वचन आळीपाळीने निवडायचं, कार्डही ज्याची पाळी त्यानेच लिहायचं, चुकलं तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा नियम धाकट्याने घातला.

पहिलं कार्ड मोठीचं, स्तोत्र २३ ची पहिली ओळ, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ ही ओळ मी लहानपणापासून म्हणतेय, इतकी पाठ आहे की म्हणताना लक्षच जात नाही. पण ती बोरूने लिहायला तिला दोन दुपारी लागल्या, आणि शेजारी बसून मी एकेक अक्षर उतरताना बघत होते, ‘उणे’ वर येऊन ती थांबली, शाईत बोरू बुडवला आणि विचारलं, उणे म्हणजे काय मम्मी. म्हटलं कमी. म्हणाली, मग आपल्याकडे तर कमी पडतंच की, पप्पांचा पगार लेट झाला होता तेव्हा. मी काय सांगणार? आई म्हणाल्या, पडलं ना, पण तू उपाशी झोपलीस का? नाही म्हणाली आणि पुढचं अक्षर लिहायला घेतलं. प्रार्थना म्हणताना असा प्रश्न कधी आला नसता, कारण तोंडाने एक ओळ दोन सेकंदात संपते.

आणि दुसरा प्लॅन, तो माझा आहे. आईंना आपल्या वसईकडच्या कादोडी बोलीतली लग्नातली गाणी, पाळण्याची गाणी आणि त्यांच्या आईने शिकवलेल्या दोन छोट्या प्रार्थना तोंडपाठ आहेत. कुठेही लिहिलेलं नाही, सगळं डोक्यात. मुलांना बोली कळते पण बोलता येत नाही, माझं माहेर दुसरीकडचं त्यामुळे माझी पण तीच गत. मी किती वर्षं म्हणत होते की हे लिहून ठेवायला पाहिजे, मोबाइलवर रेकॉर्ड पण केलं होतं आणि तो मोबाइल बिघडला तसं ते गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता हातकागदाचे ताव शिवून एक वही बांधायची ठरवलीये, शिवायचं काम मी करणार, अक्षर मोठीचं आणि माझं, चित्रं धाकट्याची. आई एक ओळ सांगतात, आम्ही आधी पेन्सिलीने कच्चं लिहितो, त्यांना वाचून दाखवतो, त्या म्हणतात असं नाही, तो शब्द जरा ओढून म्हणायचा, मग ऱ्हस्व की दीर्घ यावर अर्धा तास. ही मजा मी कधी घेतली नव्हती. एक प्रार्थना पूर्ण झालीये, पक्क्या शाईत. ती वाचून दाखवली तेव्हा आई काही बोलल्या नाहीत, कागद उचलला आणि आल्तारवर मरियेच्या मूर्तीपाशी नेऊन ठेवला, मे महिना मरियामातेचा म्हणून मोगऱ्याची ओंजळ रोज तिथे असतेच, त्या फुलांच्या शेजारी.

मोगऱ्यावरून आठवलं, फादर थॉमस स्टीफन्स, ते जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू, त्यांनी गोव्यात राहून येशूची गोष्ट मराठी ओव्यांमध्ये रचली आणि त्यात मराठीला फुलांमधल्या मोगरीची उपमा दिली. ते १६१६ मध्ये छापलं गेलं पण रोमन लिपीत. ही गोष्ट मी मोठीला सांगितली तर ती म्हणाली मग आपण त्यातलं थोडं बोरूने देवनागरीत लिहूया की, त्यांचं राहिलं ना. ते पण यादीत गेलंय, पण नाताळनंतर.

परत सेटवर येते. घेण्यासारखा आहे का? मी पाचपैकी तीन देईन, आणि तिन्ही बोरूंचे. तुमच्या इथे स्टेशनरीच्या किंवा आर्ट मटेरियलच्या दुकानात सुटे बोरू मिळत असतील तर तेच घ्या, शाई वेगळी घ्या, कागद वेगळा घ्या, पैसे पण कमी लागतील आणि वस्तू पण बरी मिळेल. सेटच घेणार असाल तर निब इंग्रजी अक्षरांना वापरा, वाया जात नाहीत, आम्ही पाकिटांवर इंग्रजी पत्ते लिहायला ठेवलेत. नवीन निबवर तेलाचा पातळ थर असतो तो साबणाने धुऊन घ्या नाहीतर शाई धरत नाही, हे पण माहितीपत्रकात नाहीये. सात वर्षांच्या मुलाला जाड बोरू बरा पडतो, बारीक हातात देऊ नका, दाबून मोडतो. आणि पावसाचं म्हणाल तर कागद आत्तापासून सांभाळा, दमट हवेत कागद नरम पडतो आणि मग शाई पसरते. पापडाचा एक डबा मी यंदा कागदाला दिलाय, तळाला फडक्यात बांधून मूठभर तांदूळ ठेवलेत. आई म्हणाल्या पापड कुठे ठेवणार, म्हटलं बघू, करू काहीतरी.

या आठवड्याचं कार्ड धाकट्याचं आहे. परवा संध्याकाळी विजा चमकायला लागल्या आणि लाइट गेली, मेणबत्ती लावून जपमाळ झाली, नंतर आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो, वारा सुटला होता, आणि तासाभराने लाइट आली तेव्हा हा घरातून ओरडला, मम्मी माझं वचन ठरलं, ‘प्रकाश होवो’. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं, दोनच शब्द, त्याला जमण्यासारखं. काल दुपारी जाड बोरूने प काढला, मग खाली र ची तिरकी रेघ, उजवीकडून डावीकडे, एका दमात ओढली आणि ती जाड, काळीभोर, हवी तशी आली. पुढे ‘का’ झालाय. श ची गाठ अजून जमत नाहीये, त्याचा सराव आज चालू आहे पॅडच्या त्या रद्दी कागदावर, पेन्सिलीने.